देवाला सांगितलेला शुक्रवार

तिसऱ्यांदा जप्ती नेली तेव्हाही कुशाबाला गंगूबाईच्या खोलीत कपाट दिसलं नाही. लादीवर त्याच्या चार पायांचे वण तेवढे दिसले. भिंतीवर घड्याळाएवढा स्वच्छ गोल होता, घड्याळ नव्हतं. टेबलफॅनची तर हवासुद्धा शिल्लक नव्हती. उरली होती एक खाट, एक वळकटी, रांधायची भांडी आणि चहा गाळत बसलेली गंगूबाई.

"बस मां," ती म्हणाली. "साखर तुझ्याच दुकानाची आसा."

कोर्टाचे बेलिफ शरच्चंद्र बसले, चहा प्याले आणि कागदावर 'जप्त करण्याजोगा माल आढळला नाही' असं इतक्या वळणदार अक्षरात लिहिलं, की कुशाबाला त्या वळणाचाच संशय आला.

संशय हा कुशाबाचा जुना सोबती. तराजूवर माशी बसून उडाली, तर हा माणूस पायांना साखर चिकटली की काय हे बघायला तिच्या मागे दोन दुकानं चालत जायचा. लालबागला त्याचं किराणा दुकान, आणि समोरच्या चाळीत गंगूबाईची खानावळ. दोघं एकाच गावची. गिरणीतले गाववाले तिच्याकडे जेवायचे, पगार झाला की तिला द्यायचे, ती कुशाबाला द्यायची. मग संप झाला. गिरण्या थांबल्या, पगार थांबले. पोटं काही संपावर गेली नाहीत. गंगूबाई वाढत राहिली आणि कुशाबाची उधारी चढत राहिली. संप मिटला असं कुणी म्हणालंच नाही, तो नुसता विरून गेला. त्याच्या पुढल्या वर्षी कुशाबाने कोर्ट गाठलं. गंगूबाई एकाही तारखेला फिरकली नाही, म्हणून हुकूमनामा झटकन हातात पडला.

हुकूमनामा आला म्हणजे पैसे आले, असं बिचाऱ्याला वाटलं होतं. वकिलाने त्याला जमिनीवर आणलं. कोर्ट सांगतं ते एवढंच, की देणं आहे. ते वसूल करायचं तर पुन्हा वेगळी दरखास्त, वॉरंट, दर खेपेला बेलिफाचा भत्ता, माल न्यायला हातगाडी. जायचं ते उजेडात. रांधायची भांडी, अंथरूण, अंगावरचे कपडे यांना हात लावायचा नाही. आणि काय जप्त करायचं ते ज्याचं येणं आहे त्याने स्वतः बोट करून दाखवायचं. बेलिफ आपणहून काही उचलणार नाही.

इकडे मस्जिद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्याने निरोप धाडला होता, की महिनाअखेर मागली बाकी आली नाही तर तांदळाचं एक पोतं मिळणार नाही. पोतं नाही तर दुकान नाही. आणि दुकान गेलं, की कुशाबाला गावी जाऊन, ज्या भावाशी भांडून तो मुंबईला आला, त्याच भावाच्या पडवीत झोपावं लागणार होतं.

म्हणजे बातमी फोडतंय कोण, हे शोधणं भाग होतं. पहिला संशय शरच्चंद्रांवर. ते चहा कुठे पितात, पानवाल्याशी काय बोलतात, यावर त्याने पाळत ठेवली. ते बोलायचे ते फक्त आपल्या गुडघ्याबद्दल. दुसरा संशय हातगाडीवाल्या शिवावर. त्याला तिसऱ्या खेपेला कुशाबाने शिवडीच्या गोदामातून भुसा आणायचाय म्हणून सांगून ठेवलं आणि आयत्या वेळी चाळीकडे वळवलं, तरी खोली मोकळी. तिसरा संशय घरातच. बायको काशीबाई आणि गंगूबाई एका पाणवठ्यावरच्या मैत्रिणी. म्हणून त्याने बायकोशी बोलणंच सोडलं. काशीबाईने ते मनावर घेतलं नाही. उलट तिची प्रकृती सुधारली असं शेजारी म्हणायचे.

चौथ्या जप्तीचं वॉरंट निघालं. बुधवार ठरला. कुशाबाने कुणाला ओ की ठो कळू दिलं नाही. एक काम मात्र करायलाच हवं होतं. कुठलंही कार्य देवाच्या कानावर घातल्याशिवाय हाती घ्यायचं नाही, ही त्याच्या गावची रीत. चाळीच्या तोंडाशी गाववाल्यांनी बांधलेली गावदेवाची घुमटी होती. सोमवारी संध्याकाळी तो नारळ घेऊन तिथे उभा राहिला. गाऱ्हाणं घालायला खरं तर मानकरी लागतो, पण त्याची दक्षिणा वाचवायला कुशाबा स्वतःच घालायचा. आणि गाऱ्हाणं पुटपुटून चालत नाही. देव गावी, आपण मुंबईत, तेव्हा आवाज लांबवर जायला हवा.

डोळे मिटून त्याने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो कुशाबा तुझ्या पायाकडे नारळ ठेवून उभो आसा..."

"व्हय म्हाराजा," मागून जमलेले गाववाले म्हणाले. कुणी गाऱ्हाणं घातलं की येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून होकार द्यायचा, हीदेखील रीतच.

"मागल्या तीन खेपांक जा काय आड इला असात..."

"व्हय म्हाराजा." या खेपेला एक बायकी आवाज सगळ्यांच्या वर होता. कुशाबाने एक डोळा किलकिला केला. हातात भाजीची पिशवी, डोक्यावर पदर, आणि गंगूबाई भक्तिभावाने मान डोलवत उभी.

कुशाबाने तो डोळा पुन्हा मिटला. तीनही खेपांना त्याने इथेच, याच आवाजात, वार सांगून, कपाट-पंखा-घड्याळ एकेक नाव घेऊन देवाला साकडं घातलं होतं. आणि तीनही खेपांना अख्खी चाळ व्हय म्हणाली होती. बातमी फोडणारा सापडला. त्याच्यावर पाळत ठेवायची तर आरसा लागला असता.

गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही. तो देवासमोर, घाम पुसत, आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं बोलला. "ह्या शुक्रवारी गंगूबायकडे जप्ती घेऊन जातंय, ता माझ्या पदरात पडांदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गंगूबाई सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

बुधवारी सकाळी शरच्चंद्रांसोबत तो जिना चढला तेव्हा दार उघडंच होतं. आत आरशाचं कपाट जागेवर, घड्याळ भिंतीवर, पंखा गरगर फिरत होता. गॅलरीत बघता बघता चाळ गोळा झाली. शिवा खाली हातगाडी धरून उभा होता. शरच्चंद्रांनी गुडघा चोळत कागद उघडला आणि पेनाचं टोपण काढलं.

"दाखवा, कुशाबाशेठ. काय काय घ्यायचं?"

गंगूबाई चुलीपासून उठलीसुद्धा नाही. "कुशाबा," ती म्हणाली, "देवाक तू खयचो वार सांगितलंस?"

गॅलरीतली माणसं दाराशी सरकली. चुलीपाशी बसूनच तिने पुढे विचारलं.

"शुक्रवार मां? आमी सगळी व्हय म्हणालंव. मगे आज देवाक न विचारता इलंस, की देवाक फसवून इलंस? एवढाच सांग आणि ने कपाट."

कुशाबाने हात उचलला. बोट कपाटाच्या दिशेने निघालं आणि आरशात त्याला स्वतःचं बोट समोरून आपल्यावरच येताना दिसलं. ज्याला भावाची पडवी चालत नव्हती, त्याने देवाला फसवलेलं तोंड घेऊन गावात शिरायचं कुठून? मस्जिद बंदरचा व्यापारी, पोती, महिनाअखेर, सगळं त्या बोटाला ओढत होतं, तरी बोट काही सरळ होईना. शेवटी त्याने त्याच बोटाने कान खाजवला.

शरच्चंद्रांनी जरा वाट पाहिली आणि लिहिलं, 'मालमत्ता दाखवली नाही.' अक्षर तसंच वळणदार.

"शुक्रवारी ये," गंगूबाई म्हणाली.

शुक्रवारी तो एकटाच गेला. नवं वॉरंट काढायला ना वेळ होता ना भत्त्याचे पैसे. कपाट, पंखा, घड्याळ पुन्हा गायब. पण गंगूबाईने भांड्यांच्या फळीवरून एक पुरचुंडी काढून त्याच्या हातात ठेवली. कपाट विकलं, म्हणाली. व्यापाऱ्याचं तोंड बंद होण्याइतके पैसे होते. उरलेले, गणपतीनंतर ती जेवणाचे डबे सुरू करणार होती, त्यातून फिटणार होते. कोर्टात जाऊन एवढे मिळाले म्हणून लिहून दे, असंही तिने बजावलं. कुणी घेतलं कपाट, हे मात्र ती सांगेना. कुशाबाने नोटा उजेडात धरून पाहिल्या. खऱ्या होत्या. त्यामुळे तो जास्तच अस्वस्थ झाला.

घरी आला तो दारातच थबकला. खोलीत समोरून एक घामाघूम, संशयी माणूस त्याच्याकडे रोखून बघत होता. आरशाचं कपाट त्याच्याच भिंतीला टेकून उभं होतं.

"गंगूकडून घेतलंय," काशीबाई म्हणाली. "कपाट तीनदा येवन रवला, संध्याकाळी परत गेला. तुमी बेलिफाक आणूक जायत होतात तेवा हयसरच असायचा. सवय झाली मगे त्याची."

कुशाबाने कपाटाकडे पाहिलं, मग हातातल्या नोटांकडे, मग दुकानाच्या गल्ल्याची किल्ली लटकवायच्या खिळ्याकडे. किल्ली जागेवर होती. जरा जास्तच जागेवर होती. तुझ्याकडे एवढे पैसे आले कुठून, असं त्याने महिनाभरात पहिल्यांदाच बायकोला विचारलं.

काशीबाईने कपाटाचा आरसा पदराने पुसला.

"देवाक विचारा," ती म्हणाली. "नारळ न्या आणि मोठ्यान विचारा. मी येतंय व्हय म्हणूक."