बारा वाजेपर्यंतचं मौन

दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. अठरा वर्षांचा नेम आहे. फोटोचं काम घेतानाच तो सांगून टाकते. या रॉक बँडचा गायक तर हसून म्हणाला होता, "ताई, आम्ही ओरडायचं, तुम्ही गप्प बसायचं. जमली जोडी!"

ड्रमर म्हणजे त्याचा थोरला भाऊ. सगळेच त्यांना दादा म्हणत. दौऱ्यात माझ्या जपाच्या वेळी व्हॅनमधली गाणी बंद करायला लावणारे ते एकटेच. मागच्या वर्षी त्यांचं मनगट मोडलं होतं. ते बरं झालं होतं, पण धाकट्याच्या मनातून जात नव्हतं. स्टुडिओतलं हे रेकॉर्डिंग नीट झालं तर पुढच्या दौऱ्यावर दादा, नाहीतर दुसरा कोणी, असं ठरलं होतं.

कार्यक्रमात कॅमेऱ्याचा खटका कोणाला ऐकू येतोय! स्टुडिओत मात्र तो आवाज बंद ठेवायचा असतो. त्या सकाळी मी विसरले. गाणं संपलं, झांजेचा नाद विरत चालला होता, दादांचे डोळे मिटलेले. मी बटण दाबलं. टक्. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन होते, कोणाची मान वळली नाही.

"काय वाजवलंय!" रेकॉर्डिंग परत लावून ऐकताना रेकॉर्डिस्ट म्हणाला. मग थांबला. "शेवटी काठी लागली का कुठे? विरत्या नादात आहे, काढता नाही येणार."

"दादा, मनगट?" धाकट्यानं विचारलं.

दादांनी हाताकडे पाहिलं. "लागली असेल बाबा."

सव्वाअकरा झाले होते. माझ्या पिशवीत वही-पेन्सिल असते. 'चहा बिनसाखरेचा' असं मी त्याच सकाळी लिहून दाखवलं होतं. 'आवाज माझा' हे त्याहून लांब नव्हतं. पण पुन्हा मला स्टुडिओत कोण उभं करेल, ही धास्ती होती, आणि तिला मी नेमाचं नाव दिलं. बोटं मण्यांवर फिरवत राहिले. नाम एकदाही आलं नाही.

दादांनी पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. सहा वेळा. दर वेळी शेवट जवळ आला की खांदे आखडायचे, ताल मागे पडायचा.

"राहू दे, दादा," धाकटा हळूच म्हणाला. "या दौऱ्याला तू आराम कर."

दादा उठले, काठ्या कापडात गुंडाळल्या. दारात माझ्यापाशी थांबले. माझे ओठ हललेले त्यांनी पाहिले असावेत. "माझ्यासाठी मौन मोडू नका हं, ताई. दहाच मिनिटं राहिलीत."

आणि मी ती दहा मिनिटंही पाळली.

बारा वाजता गाडीपाशी गाठून त्यांना सांगितलं. मग त्यांच्यासोबत वर येऊन सगळ्यांसमोर.

"आत्ता सांगताय?" धाकटा एवढंच म्हणाला. मग भावाकडे वळला. "दादा, चुकलो रे मी. पहिलंच घेऊ, खटक्यासकट. दौऱ्यावर तूच येतोयस."

"थांब," दादा म्हणाले. ड्रमपाशी बसले, काठी उचलली आणि तशीच हवेत धरून राहिले.

"वाजव ना."

"वाजवतो रे." त्यांनी काठी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, ताई. पण आता हात उचलला की मीच कान लावून बसतो, कधी चुकतोय म्हणून. दौऱ्यावर दुसऱ्यालाच न्या."

मी मान खाली घातली. आता बोलायला मला कसलीच आडकाठी नव्हती.