ब्रुकमूरची लेफ्ट बॅक

ब्रुकमूर कॉलेजचं नुसतं नाव काढलं तरी यतीन करंदीकरचं तोंड कडू व्हायचं. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या त्या टोकाला काम निघालंच, तर तो रिंग रोडवरून लांबचा वळसा घ्यायचा, पण त्या कॉलेजच्या गेटसमोरून गाडी न्यायचा नाही. भांडण काही पिढीजात नव्हतं. गेल्या वर्षी, अकरावीत जाताना, त्याची मुलगी वैभवी ब्रुकमूरच्या फुटबॉल टीमच्या ट्रायलला गेली होती. शेवटची एक जागा उरली होती आणि ती तनू रणदिवेला मिळाली. तनू महाराष्ट्र मंडळातलीच मुलगी, वैभवीच्याच वयाची, दरवर्षी गणपतीत मोदकांच्या ताटाशी घुटमळणारी. वैभवी दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी थॉर्नबी कॉलेजात नाव घातलं आणि तिथल्या टीमची राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारी, झाली. तिच्यापुरता विषय संपला. यतीनचा विषय मात्र तिथूनच सुरू झाला.

आणि आता नव्या सीझनची पहिलीच मॅच नेमकी ब्रुकमूरशी पडली होती, त्यांच्या मैदानावर. ती बघायला एका युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीमची कोच येणार होती. तिला एक विंगर हवी होती, स्कॉलरशिप देऊन. वैभवीला त्याच युनिव्हर्सिटीत जायचं होतं, दुसरीकडे कुठेही नाही. हे तिने घरात एकदाच सांगितलं आणि पुन्हा बोलली नाही. ती एकदाच बोलते तेव्हा ते खरं असतं, एवढं यतीनच्या बायकोला, सुचेताला, कळत होतं. यतीनला त्यातलं फक्त 'ब्रुकमूर' ऐकू आलं.

थॉर्नबीत अशी पद्धत होती की पहिल्या मॅचच्या आधी कोणीतरी उभं राहून समोरच्या टीमची कुंडली मांडायची. कोण कुठे खेळते, कोण दमते, कोण चिडते, सगळं. कोच क्लेअर बिचारी दिवसभर जॉग्रफी शिकवायची, तिला वेळ कुठला? यतीनने स्वतःहून ते काम मागून घेतलं. पेन्शन कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, पण ऑगस्टभर दर शनिवारी तो ब्रुकमूरच्या मैदानाच्या कुंपणाशी, झुडपाआड, फोन धरून उभा राहिला. एकदा कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने त्याला हटकलं. ‘बर्डवॉचिंग,’ असं त्याने बिनदिक्कत ठोकून दिलं.

उरलेली हेरगिरी त्याने मंडळाच्या गणपतीत उरकली. बेलग्रेव्ह रोडजवळच्या हॉलमध्ये आरती संपल्यावर प्रसादाच्या रांगेत तनू पुढे होती, सोबत तिची आजी, यमुनाबाई.

“आजी, माझी मोदक मोठी दे ना,” तनू म्हणाली.

“माझा मोदक, मोठा,” यमुनाबाई हसत म्हणाल्या.

“व्हॉटेव्हर, आजी.”

यतीन मागे उभा राहून मिशीत हसला. दुसरी कुठली मुलगी असती तर त्याने कौतुकाने हसून सोडून दिलं असतं, पण ही ब्रुकमूरची होती. हिला मराठीचा गंध नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आणि मग, द्रोणातला मोदक तसाच हातात धरून, त्याला ती युक्ती सुचली.

घरी आल्या आल्या त्याने ती वैभवीला सांगायला घेतली. तिने आधी आपलंच सांगितलं.

“बाबा, ह्या मॅचला तू ओरडायचं नाहीस. प्रॉमिस कर.”

“मी ओरडतो कुठे? गाइड करतो.”

“तू ओरडतोस. सगळ्या टीमला माहीत आहे. रेफरीला पण माहीत आहे.”

“बरं, फक्त दोन शब्द. ‘आत’ आणि ‘बाहेर’. मराठीत. तनू कशी उभी आहे ते मला बाहेरून दिसतं, तुला दिसत नाही. मी ‘आत’ म्हटलं की बॉल घेऊन आत घुसायचं, ‘बाहेर’ म्हटलं की लाइनच्या कडेने. तिला कळणारसुद्धा नाही.”

“बाबा, तनूला—”

“दोनच शब्द, वैभवी. एवढं पण नको?”

ती खांदे उडवून वर निघून गेली. यतीनने ते होकारात जमा केलं. नाही म्हणणाऱ्या माणसाला होकारात जमा करण्याची त्याची जुनी खोड होती.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर एका वर्गात टीम जमली. यतीन शर्ट खोचून उभा राहिला. पहिल्याच स्लाइडवर त्याने ब्रुकमूरच्या बोधचिन्हावर लाल फुली मारून ठेवली होती. क्लेअरने भुवया उंचावल्या. मग सुरू झालं. त्यांची गोलकीपर उंच बॉलला डोळे मिटते. मिडफिल्डमधली ती सोनेरी केसांची साठ मिनिटांत गळपटते. कॅप्टन रेफरीशी हुज्जत घालते, तेव्हा तिला डिवचा. एकेका मुलीला तो असा सोलत होता की पुढच्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. ब्रुकमूरच्या ह्या मुलींनी त्याचं काय बिघडवलं होतं? काही नाही. पण एकदा राग धरला की यतीन हिशेब विचारत नसे.

तनूसाठी त्याने चार स्लाइड राखून ठेवल्या होत्या. लेफ्ट बॅक खेळते, म्हणजे वैभवीला अडवायला तीच, पण मुळात उजव्या पायाची. पाठ वळवून धावायला लावलं तर गडबडते. आणि शेवटी, मोठ्या अक्षरांत: मराठी शून्य. मी आमच्या भाषेत सूचना देईन, तिला पत्ता लागणार नाही, असं त्याने इंग्रजीत अभिमानाने सांगितलं. मुली हसल्या.

वैभवीने मागच्या बाकावरून हात वर केला.

“प्रश्न शेवटी,” यतीन तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिने हात बराच वेळ वर ठेवला. मग केअरटेकर किल्ल्या वाजवत आला, वर्ग बंद करायचा होता, आणि प्रश्नांचा भाग राहूनच गेला.

बुधवारी दुपारी ब्रुकमूरच्या मैदानावर बारीक वारा होता. पालकांसाठी मैदानाच्या कडेच्या रेषेला, टचलाइनला, समांतर दोरी बांधलेली. यतीन दोरीला पोट लावून उभा राहिला, वैभवीच्या विंगच्या बरोबर समोर. हाफ टाइमला टीम बाजू बदलत, तेव्हा हाही मैदानाला फेरी मारून मुलीच्या बाजूला जाऊन उभा राहायचा, ही त्याची नेहमीची रीत. थोड्या अंतरावर हिरवं जॅकेट घातलेली एक बाई हाताची घडी घालून उभी होती. युनिव्हर्सिटीची कोच तीच.

वैभवीला पहिला बॉल मिळाला. “आत!” यतीन ओरडला. ती आत वळली, आणि तनू आधीच तिथे उभी. बॉल गेला.

दुसरा बॉल. “बाहेर! बाहेर!” वैभवी लाइनच्या कडेने सुटली आणि तनूने अंग मध्ये घालून बॉल शांतपणे दोरीपलीकडे ढकलला. तिसऱ्यांदाही तेच झालं, चौथ्यांदाही. यतीनचा आवाज चढत गेला. दोन शब्दांचे चार झाले, चाराचे दहा. “अगं आत म्हटलं ना! मान वर कर! कुठे बघतेस?” वैभवी बॉलकडे बघायच्या आधी दोरीकडे बघायला लागली होती, हे मैदानावरच्या सगळ्यांना दिसत होतं. एकदा तर तिने मोकळा बॉल पायाखाली धरून ठेवला, शब्दाची वाट बघत. तनूने तो अलगद काढून घेतला, लांब लाथाडला, आणि त्यातूनच ब्रुकमूरचा गोल झाला.

हिरव्या जॅकेटवालीने घड्याळात बघितलं.  कसं शक्य होतं? स्लाइडमधलं तनूच्या पायाचं सगळं बरोबर होतं, वळण्याचं बरोबर होतं, मग ही पोरगी प्रत्येक वेळी आधीच कशी पोचत होती?

हाफ टाइमची शिट्टी झाली. तनू पाण्याची बाटली घ्यायला दोरीपाशी आली, बाटली तोंडाला लावली, ओठ पुसले, आणि यतीनकडे बघून अगदी अदबीने म्हणाली, “काका, तुमची आवाज मस्त आहे. सेकंड हाफला पण ओरडा हं. मला खूप हेल्प होतो.”

“तुला मराठी कळतं?” यतीनच्या तोंडून निघालं.

“घरी आजी मराठीच बोलते,” ती म्हणाली. “मला बोलता नाही येत नीट. पण कळतं सगळं.”

ती धावत निघून गेली. यतीन दोरीला धरून उभा राहिला. त्याला पहिल्यांदा राग आला तो तनूचा, मग यमुनाबाईंचा, मग ब्रुकमूरच्या गवताचासुद्धा. राग काढायला दुसरं कोणी उरलं नाही तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती त्याला अजिबात आवडली नाही. आपणच पोरीची संधी घालवली, हे त्याला स्वच्छ कळलं. दुसरा हाफ सुरू झाला, वैभवी पलीकडच्या टचलाइनला गेली, पण तो नेहमीसारखी फेरी मारायला हलला नाही. तोंड मिटून तिथेच उभा राहिला.

त्याच्या गप्प राहण्याने वैभवी सुटल्यासारखी खेळायला लागली. कडेवरून गोलसमोर क्रॉस टाकले, एकदा तनूला चकवलं, थॉर्नबीची बरोबरी झाली. तरी तनू तिला गोलपर्यंत जाऊ देत नव्हती. मॅच संपत आली तेव्हा पलीकडे थ्रो-इन मिळाला आणि बॉल हातात धरून वैभवीने मैदानापलीकडून त्याला खूण केली. इकडे ये. त्याला वाटलं, चुकून. तिने पुन्हा हात हलवला, जोरात. रेफरी घाई करत होता, ती बुटाची नाडी सोडून परत बांधायला बसली. यतीन पळत मैदानाला फेरी मारून धापा टाकत तिच्यापाशी पोचला.

“ओरड,” ती नाडी बांधता बांधता, मान वर न करता म्हणाली.

“नाही. तिला सगळं कळतं. मला आत्ताच—”

“माहीत आहे मला. ‘आत’ ओरड. लाऊड.”

तिने बॉल टाकला, तो लगेच तिच्याकडे परत आला. समोर तनू, गुडघे वाकवून, तयार. यतीनने छाती भरून घेतली.

“आत! वैभवी, आत!”

तनू आतल्या बाजूला झेपावली. वैभवी बाहेरून गेली. तिच्यासमोर लाइन, गवत आणि गोलकीपर एवढंच उरलं होतं, आणि तिने चूक केली नाही. थॉर्नबीच्या मुली तिच्यावर तुटून पडल्या. यतीनने दोरीपलीकडे दोन्ही हात उंच नेले आणि ब्रुकमूरच्या समस्त पालकांकडे असं बघितलं की एकाने त्याच्याकडे पाठ केली.

घरी जाताना त्याने मुद्दाम कॉलेजच्या गेटसमोरून गाडी काढली. वैभवी बाजूला बसून मोजे काढत होती.

“काय युक्ती केली आपण,” तो म्हणाला. “तनूचं तोंड बघितलंस?”

“आपण?”

“म्हणजे, तू. पण आवाज माझा.”

वैभवीने मोजे पिशवीत कोंबले. “मी हात वर केला होता, बाबा. सोमवारी. तनू लास्ट इयरलाच मला म्हणाली होती की तुझे बाबा बोलतात ते मला सगळं समजतं. घरी पण सांगायला गेले तुला. तू ऐकलंच नाहीस. आणि तू ओरडलास की माझे पाय आपोआप तिकडेच वळतात.”

यतीनने गियर बदलला.  मग त्याने जे विचारायचं होतं ते विचारलं. “कोच काय म्हणाली?”

“म्हणाली, सेकंड हाफची मुलगी मला हवी आहे. फर्स्ट हाफमध्ये कोण खेळत होतं, ते मला कळलं नाही.” वैभवी सरळ समोर बघत होती. “नेक्स्ट वेन्सडेला परत येणार आहे. पूर्ण मॅच सेकंड हाफसारखी खेळले तर घेणार.”

“मग झालं तर. आपण तेच करू. मी ‘आत’ ओरडेन, तू—”

“ते एकदाच चालतं. आता सगळ्यांना कळलंय.”

“बरं, मग मी गप्प बसेन. शब्द काढणार नाही. देवाशपथ.”

सिग्नल लाल झाला. वैभवीने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बघितलं, रागाने नाही, आणि तेच त्याला जड गेलं.

“तू गप्प बसलास तरी मी तुझ्याकडेच बघते, बाबा,” ती म्हणाली. “तू येऊ नकोस.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, आणि यतीनने मुकाट्याने गाडी पुढे घेतली.