पिल्लांच्या पायांसाठी

बदकाची पिल्ले पाण्याच्या थाळीकडे चालत जाण्याऐवजी सरपटत जाऊ लागली, तेव्हा तिने पहिला दोष फरशीला दिला. मागच्या शेडमधली फरशी गुळगुळीत होती. पाय घसरत असतील म्हणून तिने जुनी गोणपाटे अंथरली. पिल्ले गोणपाटावरही बसूनच राहिली. त्यांना भूक होती, डोळे तरतरीत होते, माना थाळीच्या दिशेने ताणलेल्या होत्या. फक्त पाय त्यांचे ऐकत नव्हते. काहींचे पाय कमानीसारखे बाहेर वाकले होते. त्यांतल्या सर्वांत थोराड पिल्लाचा डावा पाय तर अंगाखालून निसटून बाजूला पडलेला असे, जणू तो त्याचा नव्हेच.

या शेडमध्ये तिने वर्षानुवर्षे कोंबड्या पाळल्या होत्या. बदके यंदाच आणली होती, पण खाद्य मात्र नेहमीचेच, कोंबडीच्या पिल्लांचे आणले होते. दुकानदार पोत्याचे तोंड शिवता शिवता म्हणाला होता, "पिल्लू ते पिल्लू, वहिनी. बाळपणी सगळ्यांची दुधाची बाटली एकच." तिला ते पटले होते.

तिचा नवरा कॅलिपर बनवणारा कारागीर होता. ज्या मुलांचे पाय त्यांना पेलत नसत, त्यांच्यासाठी चामडे, सळ्या आणि बकले जुळवून आधार तयार करण्यात त्याचा सारा जन्म रुग्णालयाच्या कार्यशाळेत गेला होता. पुढे तयार आधार खोक्यांतून येऊ लागले. एक दिवस त्याला शाल-नारळाऐवजी एक भिंतीवरचे घड्याळ देऊन, चांगले चार शब्द बोलून, घरी पाठवण्यात आले. तेव्हापासून तो खिडकीशी बसून असे. वर्तमानपत्र उघडे असे, पण पान उलटत नसे. तिने बाजारातून काय आणू असे विचारले की तो म्हणे, "तुला हवं ते आण." ती काही विचारीनाशी झाली होती.

त्या दिवशी ती थोराड पिल्लू घेऊन स्वयंपाकघरात आली, तेव्हा त्याने पहिल्यांदा वर्तमानपत्राची घडी केली.

"आण बघू इकडे."

पिल्लू तळहातावर घेऊन त्याने पायाच्या सांध्यावर अंगठ्याने हलका दाब दिला. "गुडघा ढिला पडलाय याचा. आधार हवा, दुसरं काही नाही."

"खाण्यात काही कमी पडत असेल का हो?"

"अगं, मग आयुष्यभर मी काय गवत उपटलं? पाय कळतो मला."

दुपारपर्यंत माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली आली. हातमोज्याच्या चामड्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या, छत्रीच्या काड्यांचे तुकडे, आतून कापसाचे अस्तर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून तो एकेका पिल्लाचे माप घेऊ लागला. वरच्या मजल्यावर राहणारी त्याची थोरली बहीण सहज म्हणून खाली आली आणि दारातच थबकली.

"काय रे, बदकांना बूट शिवतोयस? मग शाळेत कधी घालायची त्यांना?"

"तुझ्याच शाळेत घालतो, ताई. तू नाही का एकट्या आठवीतच चार वर्षं बसलीस?"

बहीण हसली, तीही हसली. त्या घरात थट्टेला उत्तर मिळाल्याला बराच काळ लोटला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला न सांगता ती एक पिल्लू टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी आधाराकडेच पाहिले. बकलाच्या जागी बसवलेली बारीकशी कडी त्यांनी नखाने उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"कुणी केलं हे?"

"आमच्या घरी. यांनी."

"फार सुंदर आहे. पण काढून टाका. खायला काय देता?"

तिने सांगितले. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. त्यांना हे उत्तर अपेक्षितच असावे. "कोंबडीच्या पिल्लांना जे पुरतं, ते यांना पुरत नाही. नायसिन म्हणून एक जीवनसत्त्व असतं, ते बदकांना कितीतरी जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय असे होतात. वाळवलेल्या यीस्टची पूड देते, ती रोज खाद्यात कालवा. पाण्यात घालायलाही औषध देते, ते रोज ताज्या पाण्यात. थाळी जरा खोल ठेवा. चोच बुडवून खाल्लं नाही तर कोरडा घास यांच्या घशात अडकतो. बहुतेक सगळी उभी राहतील."

"बहुतेक?"

डॉक्टरीणबाईंनी पिल्लाचा पाय हलकेच वळवला. "हे राहील. पण ज्याचा पाय पार बाजूला पडतो म्हणता, त्याची शीर, म्हणजे स्नायूची दोरी, सांध्यावरच्या खाचेतून सरकली असणार. ती बांधून जागेवर येत नाही. आणि आधार बांधलाय तो गुडघा नव्हे, बरं का. पक्ष्याचा गुडघा वर पिसांत असतो. ही टाच आहे."

परतताना तिने काय बोलायचे ते सारे मनाशी जुळवले. घरी आली तेव्हा तो खिडकीशी उभा राहून सुईत दोरा ओवत होता आणि गुणगुणत होता. तिला वाटले, जेवण झाल्यावर सांगू. जेवताना त्याने स्वतःहून आमटी आणखी मागितली. शेवटी ती एवढेच म्हणाली, "डॉक्टरांना दाखवलं. आधार फार घट्ट नको म्हणाल्या."

"घट्ट कुठे आहे? पण करतो सैल," तो म्हणाला, आणि खरोखरच एकेक आधार सैल करीत बसला.

पूड तिने रव्याच्या डब्यात लपवली. पिल्लांना खाद्य घालण्यापूर्वी ती स्वयंपाकघराचे दार लोटून घेई. आपण हे त्याच्यासाठी लपवतो आहोत की स्वतःसाठी, हे तिला ठरवता येत नव्हते. कारण ते सांगायचे, तर चुकीचे पोते कुणी आणले होते तेही आलेच. एकदा नणंद अचानक आत आली आणि तिने डब्यात नाक घातले.

"कसला वास हा? बदकांना दारू पाजतेस की काय?"

तिने सगळे सांगितले. बोलून झाल्यावर नणंदेने डब्याचे झाकण आपल्याच हाताने लावले.

"तो खाली गुणगुणत असतो. वर ऐकू येतं मला," ती म्हणाली. "तू बघ बाई काय ते. मी नाही सांगणार, आणि सांग असंही म्हणणार नाही."

पिल्ले हळूहळू उभी राहू लागली. आधी नुसती थरथरत उभी, मग थाळीपर्यंत, मग एकमेकांना ढकलत शेडच्या दारापर्यंत. तो एकेकाचे आधार उतरवून उशीच्या अभ्र्यात जपून ठेवी. बऱ्या झालेल्या दोघांना खोक्यात घालून तो कार्यशाळेतही दाखवून आला. "साहेब दोन मिनिटं नुसते बघत होते," असे त्याने तिला तीनदा सांगितले. "म्हणाले, हात तो हात. यंत्राला हे सुचलं असतं का?" ती भाजी चिरत होती. "नसतंच सुचलं," ती म्हणाली. आणि ते खोटे नव्हते.

थोराड पिल्लू मात्र तसेच राहिले. ते इतरांहून जास्त खात होते, अंगाने भरत होते, आणि जितके जड होई तितका तो पाय अधिकच निसटे. नवऱ्याने त्याच्यासाठी दुसरा आधार केला, मग कंबरेला पट्टा असलेला तिसरा. कातडी लाल झाली म्हणून अस्तर बदलले. पाहुण्यासारखे त्याला स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवले.

अशात पलीकडच्या गल्लीतला एक माणूस टोपली घेऊन आला. त्याच्याही पिल्लांचे पाय वाकले होते आणि कुणीतरी त्याला इथला पत्ता दिला होता. नवऱ्याने त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला, पट्टीने माप घेऊन बसल्या बसल्या आधारही करून दिले. "आठवडाभर बांधून ठेवा. पळायला लागतील," तो म्हणाला. तिचा हात कपाच्या कानावरच राहिला. माणूस निघाला तेव्हा ती त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली आणि पुडीत बांधलेली पूड त्याच्या टोपलीत ठेवली.

"रोज खाद्यात कालवा. विसरू नका. आणि पोतं कोंबड्यांचं असेल तर बदला."

"आणि आधार?"

"सैल असू द्या," ती म्हणाली. आपले बोलणे तिला स्वतःलाच असह्य झाले.

परत आली तेव्हा तो थोराड पिल्लू मांडीवर घेऊन बसला होता. हत्यारे टेबलावर तशीच पडली होती.

"बाकीची सगळी चालायला लागली," तो म्हणाला. "याचंच मी काय चुकवलं? माप तेच, चामडं तेच. उलट याच्यावर जास्त मेहनत घेतली. कार्यशाळेतही असं एखादं मूल असायचं. आई त्याला परत परत घेऊन यायची, आणि मी म्हणायचो, पुढच्या वेळी जमेल." तो थांबला. "कुठेतरी माझंच कमी पडलंय."

ती दारात उभी राहिली. एक शब्द बोलली असती, तर हा दोष त्याच्या डोक्यावरून उतरला असता. आणि त्याच शब्दाने उशीच्या अभ्र्यात जपलेले सारेही गेले असते. दोन्हींपैकी एकच काढून घ्यावे, असा शब्द तिला सापडत नव्हता. पण तो पुन्हा चामडे कापायला वाकला, आणि पिल्लाच्या लाल झालेल्या कातडीकडे तिचे लक्ष गेले.

"अहो, ते कापू नका आता. तुमचं काही चुकलेलं नाही. त्याची शीर सरकलीय. ती बांधून बसत नाही. आणि तो गुडघा नाही, टाच आहे."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टरीणबाई."

"कधी?"

"मी गेले होते तेव्हाच."

कात्री त्याने खाली ठेवली. बाहेर पिल्लांचा कलकलाट चालला होता. थाळीतले पाणी सांडल्याचा आवाज आला.

"आणि बाकीची?"

"खाण्यात कमी होतं. माझ्याच पोत्यात. मी पूड घालत होते. औषधाचं पाणीही देत होते."

"म्हणजे सगळीच."

"हो."

ती त्याच्या रागाची वाट पाहत होती. राग आला असता तर तिला काही करता आले असते, रडता आले असते, माफी मागता आली असती. त्याने फक्त विचारले, "आत्ता गेले, त्यांना दिलीस का पूड?"

"दिली."

"बरं केलंस."

मग त्याने पिल्लाच्या कंबरेचा पट्टा सोडला, पायावरची कडी उघडली आणि आधार टेबलावर ठेवला. पाय लगेच बाजूला गेला. "डॉक्टरांना विचार, उद्या आणू का याला म्हणावं," तो म्हणाला. उद्या नेले की ते परत येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

पिल्लू घेऊन तो मागच्या शेडमध्ये गेला. ती काही वेळाने पाहायला गेली. तो गोणपाटावर मांडी घालून बसला होता. थाळीपुढे पिल्लाला उभे करून त्याने दोन बोटांच्या चिमटीत तो पाय अंगाखाली धरून ठेवला होता, आणि पिल्लू खाद्याचा घास घेऊन, पाण्यात चोच बुडवून, मान वर करून, घाईघाईने गिळत होते. बरी झालेली पिल्ले त्याच्या गुडघ्यांवर चढत होती. त्यांच्याकडे तो पाहत नव्हता. बोटे काढताच ते कलंडणार होते, म्हणून तो बोटे काढत नव्हता.

"जेवायला वाढू का?" तिने विचारले.

"याचं होऊ दे," तो म्हणाला.

पिल्लू खातच राहिले.