आतून लागणारी कडी

मी एक जुनी कडी आहे, मित्रांनो. कढी नव्हे. कढी भुरकली की संपते. तीस वर्षं झाली, मी संपायचं नाव घेत नाही. लोखंडाची छोटी साखळी, टोकाला एक डोळा, एवढंच माझं शरीर. समोर चौकटीवर कोयंडा असतो. माझा डोळा त्याच्यावर अडकवला की दार बंद. कोयंडा कधी एक शब्द बोलत नाही, म्हणून आमचा संसार टिकला.

शहरातल्या इतवारी बाजारातल्या एका लोहारानं मला घडवलं आणि शेजारच्याच गल्लीत धान्याच्या गोदामाला ठोकलं. ते दिवस मोठे मजेचे. शालिकराम हमालानं नुसतं बोट लावलं की मी सुटायचे. मुनीमजी तोऱ्यात आले की मी अडायचे. ते दोन्ही हातांनी ओढायचे, घाम पुसायचे, मी आपली गच्च. एकदा त्यांच्या करंगळीला असा चिमटा काढला की अख्खी दुपार ते करंगळी तोंडात घालून बसले. शालिकराम म्हणाला, "काहून मुनीमजी, दूध आणू का बाटलीत?"

गल्लीतले लोक म्हणायचे, कडी असावी तर अशी. मी फुगायचे. माझं काम सोपं होतं. आतला माल आत ठेवायचा. त्या मालाला आत राहायचं आहे का, हे तांदळाला कोण विचारतो?

मग गोदामाला शटर आलं आणि मी भंगारात गेले. दोन पावसाळे गंज खाल्ला. तिथून मला उचललं देवाजी सुतारानं. कोयंड्यासकट उचललं, हे त्याचे उपकार.

देवाजी तेव्हा शहराच्या उत्तरेला एका बुद्धविहाराच्या आवारात काम करत होता. विहाराला लागून पोरींचं घर होतं. वीसेक पोरी. प्रत्येकीच्या घरी कोणी ना कोणी तिच्याशी फार वाईट वागलं होतं. मारलं होतं, त्रास दिला होता, नको तसा हात लावला होता. जास्त मी सांगत नाही. ते त्यांचं आहे. त्यांना वाटलं तर त्या सांगतील, नाही तर नाही. घर चालवायच्या शोभाताई. त्या आधी शाळेत शिकवायच्या, आवाज बारीक पण सगळ्यांना ऐकू जाणारा. चुलीपाशी बायजाबाई. तिचा आवाज कामठीपर्यंत जायचा.

पोरींसाठी नवी खोली बांधली होती. देवाजीनं मला दाराला ठोकलं. बाहेरून.

त्याचं काही वाईट मनात नव्हतं हो. गोदामाची कडी बाहेरून असते, खोलीची बाहेरून असते, आणि त्याला वाटलं, पोरींचं घर आहे, पोरी पळून जातील, बाहेरून पाहिजेच. आतून काहीच नाही. शोभाताईंचंही लक्ष गेलं नाही, कारण मला कोणी लावतच नव्हतं. दार दिवसभर उघडं, संध्याकाळी नुसतं लोटलेलं. मी आपली लटकत होते. वारा आला की टकटक करून पोरींना दचकवायचे आणि मनातल्या मनात हसायचे. तेव्हा मला ती माझी मोठी हुशारी वाटायची.

चौऱ्याहत्तर साली, दिवाळी झाल्यावर, उमरेडकडच्या एका गावातून वच्छला आली. बारा वर्षांची. तिच्या शाळेतल्या बाई तिला एसटीनं घेऊन आल्या. घरात वडील नव्हते. होती आई इंदूबाई, आणि कारभार काकाचा, मनोहररावाचा. वाईट वागणारा तोच. वच्छलानं आईला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, "खोटं बोलू नको, गप राहा."

तेव्हापासून वच्छला गपच होती.

ती दारापर्यंत आली. तिनं मला पाहिलं. एक पाय उंबऱ्यावर होता, तो तिनं मागे घेतला आणि ओसरीवर बोचकं मांडून बसली. बसली ती बसलीच. जेवण ओसरीवर, झोप ओसरीवर. पोरी म्हणायच्या, "महाराणीले खोली पसंत नाही पडली वं!" बायजाबाई म्हणायची, "अवं पोट्टी, आत काय वाघ आहे का?" वच्छला माझ्याकडे बघायची. मी वाऱ्यावर टकटक करायचे आणि ती अंग चोरायची. मला वाटलं, काय छान घाबरते!

संध्याकाळी विहारात वंदना व्हायची. मेणबत्ती, उदबत्ती, दोन फुलं, आणि सगळ्या पोरी हात जोडून त्रिशरण, पंचशील म्हणायच्या. माझ्या दारातून समोरच दिसायचं. वच्छला पण जायची, ओठ हलवायची. फक्त चौथं शील आलं की तिचं तोंड मिटायचं. चौथं म्हणजे, मी खोटं बोलणार नाही. पाचव्याला पुन्हा ओठ हलायचे. शोभाताईंनी हे पाहिलं होतं. टोकलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी वच्छला न्हाणीत गेली ती बाहेरच येईना. पोरी रांगेत, बादल्या हातात. एकीनं फटीला कान लावला आणि ओरडली, "बायजाबाई! ही तं घोरून राहिली!"

खरंच. उपड्या बादलीला डोकं टेकवून पोरगी गाढ झोपली होती. तीन रात्री ओसरीवर डोळ्याला डोळा लागला नव्हता, तो सगळा हिशेब न्हाणीत चुकता. पोरी दार वाजवायला धावल्या. शोभाताई म्हणाल्या, "कुणी वाजवायचं नाही. आंघोळी उद्या."

बायजाबाई मात्र न्हाणीच्या दाराकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा न्हाणीकडे. आणि कपाळावर हात मारला.

"शोभाताई, न्हाणीले आतून कडी आहे. खोलीले बाहेरून आहे. आपण म्हणून राहिलो, पोरी, भिऊ नको, आत ये. अन् दारावर काय टांगून ठेवलं, पाहा नं!"

मित्रांनो, लोखंड लाजत नाही म्हणतात. खोटं आहे ते. मी त्या दिवशी गंजापेक्षा लाल झाले. वच्छलाच्या घरी, मला मागाहून कळलं, माझ्यासारखीच एक कडी होती. ती बाहेरून लागायची. लावणारा काका.

देवाजीला बोलावणं गेलं. तो डोकं खाजवत आला. "सवयीनं ठोकली जी. गोदामाची होती."

"इथं काय तांदूळ भरून ठेवले का गा?" बायजाबाईनं विचारलं.

देवाजीनं मला कोयंड्यासकट उपटलं आणि दाराच्या आतल्या अंगाला धरलं, गड्याच्या हाताला येईल इतक्या उंच. शोभाताई म्हणाल्या, "थांब, देवाजी. कुठं लावायची ते वच्छला दाखवेल." वच्छलानं चुलीतून कोळसा आणला. दाराशी उभी राहिली, हात पुढे केला, आणि तो जिथं टेकला तिथं फुली मारली. देवाजी म्हणाला, "लई खाली होते वं पोरी." तिनं त्याच फुलीवर दुसरी फुली मारली. देवाजीनं मुकाट्यानं मला तिथं ठोकलं आणि शेवटचा घाव घालायला हातोडी तिच्या हातात दिली.

मग काय! ती आत गेली आणि कडी लावली. काढली. लावली. काढली. खळ् टक, खळ् टक. पन्नास वेळा तरी. पोरींनी कान बंद केले. शोभाताई म्हणाल्या, "वाजवू दे तिला." माझ्या आयुष्यात माझ्याशी एवढं कोणी खेळलं नव्हतं.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. दार लोटलेलं दिसलं की वाजवायचं, नाव सांगायचं, विचारायचं आणि थांबायचं. शोभाताईसुद्धा म्हणायच्या, "शोभा आहे. येऊ का?" बायजाबाईला हे जमायचं नाही. ती ओरडायची, "बायजा आहे, भाकर आणली, येऊन राहिली!" आणि आत शिरायची. वच्छला तिला बाहेर हाकलायची आणि पुन्हा विचारायला लावायची. तिसऱ्यांदा हाकललं तेव्हा बाहेरून शिव्या आणि आतून हसू आलं. वच्छलाचं ते पहिलं हसू. बारीकसंच होतं, पण मी जवळ होते, मला ऐकू आलं.

दोन महिन्यांनी, रविवारी, वंदनेच्या वेळी मनोहरराव आला. पांढरंशुभ्र धोतर. मागे डोक्यावर पदर ओढून इंदूबाई. तो विहारात सगळ्यांत पुढे उभा राहिला आणि पाचही शीलं अशा आवाजात म्हणाला की मेणबत्ती हलली. चौथं तर सगळ्यांत मोठ्यानं.

वच्छलानं त्याला पाहिलं, खोलीत धावली, आणि मला लावलं. तिची बोटं थंडगार होती.

मनोहरराव दारावर आला. "वच्छले, चाल घरी. माय रडून राहिली तुही." त्यानं दार हलवलं. मग धक्का दिला. मित्रांनो, गोदामात मी मोठमोठ्या पोत्यांचे धक्के खाल्लेत. माझा डोळा वाकला, कोयंडा कुरकुरला, पण सोडलं नाही दोघांनीही.

शोभाताई दार आणि तो यांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "इथं दार ढकलत नाहीत. नाव सांगायचं, विचारायचं, थांबायचं. आणि पोरगी स्वतः म्हणाली तरच इथून जाते."

"अहो बाई, ते पोट्टी खोटारडी आहे! काहीबाही सांगते. तुमच्यासमोर कधी पंचशील तरी धड म्हटलं का तिनं?"

"चौथं म्हणत नाही," शोभाताई म्हणाल्या. "खरं बोलली तर तुम्ही तिला खोटारडी ठरवलं, ती कोणत्या तोंडानं म्हणेल? अन् खोट्या माणसाला काय हो, तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो."

मनोहररावाचा चेहरा उतरला. तेव्हा आतून आवाज आला, माझ्या अगदी शेजारून.

"माय, मी खोटं नाही बोलली."

इंदूबाई खाली बघत होती. तिनं पदर डोक्यावरून मागे सारला. पहिल्यांदाच तिचा चेहरा दिसला. हुबेहूब वच्छलाचा.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी फाटकाबाहेर जा."

"वहिनी, डोकं फिरलं का?"

"जा म्हटलं नं."

बायजाबाई हातात उलथनं घेऊन त्याला फाटकापर्यंत पोचवून आली. इंदूबाई दारापाशी आली. हात वर केला, थांबली, मग हळूच दोनदा वाजवलं.

"इंदू आहे. तुही माय आहे, वच्छले. तवा तुह्यावर भरोसा नाही केला. आता येऊ का?"

आणि ती थांबली.

लई वेळ गेला. मी म्हातारी खोडकर, मनात आलं, आपणच सुटावं. एक हलकासा झटका, कोणाला कळणार नाही. मुनीमजींना छळलं, वाऱ्यावर टकटक केली, हीसुद्धा एक खोडी. पण आत दारामागे एक पोरगी उभी होती, आणि उघडायचं की नाही हे तिचं होतं. मी गच्च राहिले. जन्मात पहिल्यांदा जमत असताना खोडी केली नाही.

मग बोटं आली. अजून थंडच होती. त्यांनी मला काढलं.

दुसऱ्या दिवशीच्या वंदनेला मायलेकी शेजारी उभ्या होत्या. चौथं शील आलं. वच्छला म्हणाली, स्पष्ट. इंदूबाईचं तोंड मात्र मिटलं. वच्छलानं हात जोडलेलेच ठेवून आईला कोपरानं ढोसलं.

सगळं काही त्या एका दिवसात बरं झालं नाही. पुढेही कितीतरी दिवस वच्छला मला दिवसभर लावून बसायची, आणि इंदूबाई बाहेर ओसरीवर तांदूळ निवडत थांबायची. आई त्या गावी परत गेली नाही, इथंच चुलीपाशी कामाला लागली. बायजाबाईला भांडायला जोडीदारीण मिळाली.

आता पोरींची उंची वाढली, नव्या पोरी येतात, मी त्याच कोळशाच्या फुलीवर आहे. थोडी वाकडी, थोडी गंजलेली. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला अधूनमधून गोडेतेलाचं बोट लावा, एवढं माझ्या म्हातारपणासाठी मागते. आणि एक त्या पोरींसाठी. कोणाचंही दार असू द्या, बहिणीचं, मैत्रिणीचं, अगदी रुसून बसलेल्या धाकट्या भावाचं. वाजवा. नाव सांगा. विचारा. आणि मग थांबा.

थांबणं अवघड असतं, मला माहीत आहे. त्या फुलीवर ठोकल्यापासून मी तेच काम करते आहे.