हलायचं नाही

यतीन सावे सरांना कोणी विचारलं असतं की तुमचा देव कोणता, तर त्यांनी बेधडक सांगितलं असतं, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम. मसोलीला घर, तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी, आणि तोंडात उठता-बसता तोच नियम. चहात साखर कमी पडली तरी बायकोला म्हणायचे, जाते कुठे, कोणाच्या तरी कपात जास्त पडली असणार.

त्या साली दिवाळी सरली आणि डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली, ती थांबेचना. आधी पोटातून गडगडल्यासारखा आवाज, मग धक्का. माणसं घर असून अंगणात ताडपत्रीखाली निजू लागली. शाळाही आंब्याखाली भरू लागली. नववीतल्या शुक्रीचा बाप हाल्या धोडी जवळच्याच चिकूच्या वाडीत कामाला होता. एकदा मुद्दाम येऊन त्याने सरांना एकच गोष्ट मागितली: पोरीला कौलाखाली नेऊ नका. सर म्हणाले, "शाळेत आहे तोवर ती माझी जबाबदारी." शब्द दिला म्हणजे दिला.

फेब्रुवारीत ऊर्जेचा धडा आला आणि सरांना चेव चढला. पुस्तकात नव्हतं तेही सांगू लागले. दगड आज सोडा नाहीतर उद्या सोडा, तो सारखाच पडतो. दिवस बदलला तरी निसर्गाचा कायदा बदलत नाही, ही काळाची सममिती; आणि म्हणूनच ऊर्जा राखली जाते. दोन गाड्यांची टक्कर इथे होऊ दे नाहीतर कोसबाडला, कायदा तोच, म्हणून संवेग राखला जातो. तारप्याच्या नाचाचा गोल फेरा कुठल्याही बाजूने बघा, सारखाच दिसतो ना? तसंच निसर्गाला सगळ्या दिशा सारख्या, म्हणून फिरण्यातलंही काहीतरी राखलं जातं. जिथे बदल करूनही काही बदलत नाही, तिथे काहीतरी जपलं जातं, हे ध्यानात ठेवा.

शुक्री हळूच म्हणाली की सर, पण इथली जमीन तर रोज बदलते.

प्रश्न सोन्यासारखा होता. सरांनाही तो आवडला. ते म्हणाले, जमीन हलली तरी नियम हलत नाही, फक्त हिशेबात जमिनीलाही धरावं लागतं. पण पोरांच्या चेहऱ्यावर काही उजेड पडेना, तेव्हा त्यांनी दुकानातून पाच किलोचं लोखंडी वजन आणलं, मासेमारीच्या दोरीने आंब्याच्या फांदीला टांगलं, स्वतःच्या हनुवटीपर्यंत ओढलं आणि जिथून सुटलं तिथवरच परत येईल, तसूभरही पुढे नाही, असं सांगून सोडून दिलं. वजन गेलं आणि परत आलं ते हनुवटीपासून वीतभर लांबच थांबलं. फांदी लवत होती, ऊर्जा खात होती. पोरं फिदीफिदी हसली.

झालं, मास्तरांचं डोकं फिरलं. म्हणाले, चला आत, वर्गातली तुळई पक्की आहे, पाच मिनिटांत दाखवतो. रोज जमीन हादरतेय, आणि विज्ञानाचा मास्तर म्हणतो तुळई पक्की! काय बोलायचं अशा माणसाला! हाल्याला दिलेला शब्द त्यांना आठवला नाही असं नाही. आठवला, आणि पाच मिनिटांनी काय होतंय, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला.

प्रश्न शुक्रीचा, म्हणून मान तिचा. तिला भिंतीला डोकं टेकवून उभं केलं, तुळईला टांगलेलं वजन तिच्या हनुवटीशी आणलं. सर म्हणाले, "भीती वाटली तर डोळे मिट. पण काही झालं तरी हलायचं नाही. मी आहे इथे." तिने डोळे मिटले. सरांनी वजन सोडलं.

वजन लांब गेलं आणि त्याच क्षणी खालून गडगडलं.

आजवरचे धक्के त्यापुढे काहीच नव्हते. फळा खाली आला, कौलं धडाधड सुटली, पोरं किंचाळत दाराकडे धावली. आणि त्यांच्यासोबत सावे सरही. त्यांनी ठरवलं नाही, विचार केला नाही, पाय सुटले आणि ते आंब्याखाली पोचले, बस्स. पोरं एकमेकांना बिलगून रडत होती. सरांनी तोंडं पाहिली. पुन्हा पाहिली. शुक्री नव्हती.

दारातून धूळ येत होती, आत अजून कौलं फुटत होती. आत धावायला हवं होतं. ते नाही धावले. जमीन थांबली, तेव्हाच त्यांचे पाय हलले.

शुक्री भिंतीशी तशीच उभी होती. डोळे मिटलेले, पायाशी कौलांचा खच, केसांत माती. वजन अजून झुलत होतं. तुळई हलली आणि वजन जिथवर यायला नको होतं तिथवर आलं होतं. तिची हनुवटी फुटून गळ्यावर रक्त ओघळत होतं.

"सर, आता हलू का?" डोळे न उघडताच तिने विचारलं.

हाताला धरून सरांनी तिला बाहेर आणलं. तोवर चिकूच्या वाडीतून हाल्या धावत आला होता. त्याने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, रक्त पाहिलं, पडलेलं छप्पर पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. सरांना वाटलं, आता हा मला मारणार. मारायलाच हवं होतं.

पण शुक्रीच म्हणाली, "बाबा, मी नाही घाबरली. सर बाजूलाच उभे होते ना. म्हणून मी हलली नाही."

हाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वाकला आणि त्याने सरांचे पाय धरले. तेच पाय. गप्प राहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? पोरं सगळी पळत होती, कोणी मागे वळून पाहिलं नव्हतं.

एका हातात शुक्रीचा हात तसाच धरून सरांनी दुसऱ्या हाताने त्याला उठवलं. "हाल्याभाऊ, मी नव्हतो तिथे. मी तिला सोडून पळालो."

हाल्याला आधी काही उमजेना. शुक्रीला लगेच उमजलं. एवढ्या धक्क्यात जागची न हललेली पोर सरांच्या हातातून आपला हात सोडवून एक पाऊल मागे सरकली.