एका रात्रीपुरतं बंद

"ताई, फक्त आजची रात्र," नयन म्हणाला. गरम पाण्याच्या कुंडाखाली जमिनीच्या पोटात काय आहे, हे तपासायला आलेल्या पथकातला हा पोरगा. उर्वशीच्या हरभऱ्यात खड्डे करून, मिठाचा चिखल कालवून त्यानं तारा पुरल्या होत्या. "जमिनीतली वीज फार बारीक असते. तुमच्या कुंपणाचा झटका तिला गिळून टाकतो."

सासू, सत्यभामा, खुरपं खाली न ठेवताच म्हणाली, "अन् डुकरं? त्याईले सांगून ठेवलं का बाप्पा, आज येऊ नका म्हून?"

उर्वशीनं मात्र मान डोलावली. बी.एस्सी. होऊन या घरात आल्यापासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. हा समजावून सांगत होता. शिवाय मनात एक भलतंच कारण होतं. तिची लेक सोनू नुकती चालायला लागलेली आणि कुंपणाची खालची तार नेमकी पोरीच्या छातीशी. त्या झटक्यानं कोणी मरत नाही, असं सगळे म्हणत. उर्वशीचा डोळा तरी दिवसभर तारेवर.

"शेजारचे बळीरामकाका बी बंद ठेवतो म्हणाले, आई. काही झालं तं माह्यावर."

संध्याकाळी तिनं कुंपणाच्या तारेत वीज सोडणाऱ्या झटका मशीनचा खटका पाडला. टिक-टिक थांबली. सोनूला तिनं पहिल्यांदाच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोकळं सोडलं. पोरगी तार धरून झुलली, खिदळली.

सकाळी हरभरा नव्हता. डुकरांनी रान नांगरल्यासारखं उलथलं होतं.

नयन लॅपटॉपवरून मान वर करीना. "काही उपयोग नाही, ताई. रात्रभर ठोके आलेत. शेजारची मशीन चालू होती."

धुऱ्यापलीकडे बळीराम दात कोरत उभा होता. त्याचा हरभरा जागच्या जागी.

"काका, तुम्ही तं बंद करतो म्हणाले होते!"

"म्हणलो होतो. केली थोडीच! सायबाले तोंडावर नाही कसं म्हणाव? मले वाटलं, तू बी तसंच म्हणून राह्यली."

सासू चार शिव्या देती तर बरं झालं असतं. ती उलथलेल्या ढेकळांतून घाटे वेचत राहिली.

"ताई," नयन चाचरला, "आज पुन्हा एकदा जर..."

"तिले कायले विचारता?" सत्यभामा उठली. "मले विचारा."

कोपऱ्यात उरलेल्या दोन ओळींसाठी तिनं खटका वर केला. टिक-टिक सुरू झाली.

कालचा खेळ आठवून सोनू दोन्ही हात पुढे करून तारेकडे निघाली. उर्वशी धावली. पोरीचे हात मुठीत घट्ट धरून ती ढेकळांत बसली. सोनू तिला लाथा मारत, तारेकडे बघून रडत राहिली.