न उघडणाऱ्या फोनचा शोध

मामांचा प्रोग्राम एकाच सिस्टिमवर चालायचा आणि मामांना त्याचा भारी अभिमान होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी तो मित्राच्या चष्म्याच्या दुकानासाठी लिहिला, तोही अशा भाषेत की जिचं त्या एका सिस्टिमशी लग्नच लागलेलं. दुसऱ्या यंत्राकडे ती ढुंकूनही बघायची नाही. दुकानाच्या कोपऱ्यातल्या जाडजूड कॉम्प्युटरवर प्रत्येक गिऱ्हाइकाचा चष्म्याचा नंबर होता. महिन्यातून दोनदा काहीतरी अडायचं, फोन यायचा आणि मामा इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. निवृत्तीनंतर त्यांना कामासाठी बोलावणारं तेवढं एकच ठिकाण उरलं होतं.

मग चष्मेवाल्याने दुसरं दुकान काढलं आणि घोटाळा झाला. तिथे नुसता टॅबलेट होता. मामांच्या भाचीने तीन आठवड्यांत नवा प्रोग्राम लिहिला, ब्राउझरमध्ये उघडणारा.

"मामा, हा कशावरही चालतो. कुठलाही फोन, कुठल्याही कंपनीचा."

"कशावरही म्हणजे कशावरच धड नाही," मामांचा पारा चढला. "शनिवारपर्यंत असं एक यंत्र शोधून दाखवतो, जिथे हा उघडणार नाही किंवा उघडून चुकीचं दाखवेल. सापडलं तर माझाच प्रोग्राम राहील."

"आणि नाही सापडलं तर?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तर माझा मी माझ्या हाताने बंद करीन!" मामा तावातावाने बोलून गेले.

चार दिवस मामांनी पायाला भिंगरी लावली. शेजाऱ्याचा टीव्ही झाला, वाचनालयातला कॉम्प्युटर झाला, तडा गेलेला एक टॅबलेट झाला. मोबाइलच्या दुकानात "नुसतं बघतोय" म्हणत त्यांनी अकरा फोन तपासले. विक्रेत्याने आशेने बारावा आणला, तेव्हा ओशाळून एक कव्हर विकत घेतलं. ते त्यांच्या फोनला बसत नव्हतं. आणि भाचीचा प्रोग्राम? जिथे जावं तिथे तो मेला हसतमुखाने उघडायचा.

शुक्रवारी दुपारी शेवटचा राहिलेला मामींचा फोन त्यांनी मागून घेतला. मामींनी अक्षरं एवढी मोठी करून ठेवली होती की त्यांचे निरोप समोरच्या बाकावरच्या माणसालाही वाचता येत. मामांनी एका गिऱ्हाइकाचं पान उघडलं. उजव्या डोळ्यापुढे वजाची खूण होती, पण जागा न पुरल्याने तिचा आकडा खालच्या ओळीत घसरला होता, थेट डाव्या डोळ्यापुढे.

"सापडलं!" मामा ओरडले. मामींच्या हातून चमचा पडला.

दुसऱ्याच क्षणी मामांचा चेहरा उतरला. त्यांनी तडक भाचीला फोन लावला.

"अगं, उजव्याचा नंबर डाव्याला लागतोय! तसला चष्मा घालून माणूस जिन्यावरून गडगडेल ना! आधी हे काढ."

"थांब मामा, बघते. खूण आणि आकडा वेगळ्या चौकटींत आहेत."

"मग एकत्र बांध त्यांना! एक खाली गेला तर दुसऱ्यानेही जायचं."

तिच्या भाषेतलं मामांना ओ की ठो कळत नव्हतं, पण चूक कळत होती. तासभर ते फोनवरून तिला फैलावर घेत होते. शेवटी ती म्हणाली, "आता पान पुन्हा उघड."

आकडा जागेवर होता. भाची घराबाहेर पडली नव्हती, बस पकडली नव्हती, कुणाचा कॉम्प्युटर उघडून बसली नव्हती. मामांनी तोंडात बोटं घातली.

"जमलं गं पोरी!"

"अहो," मामी चमचा विसळत म्हणाल्या, "पण मग तुम्ही जिंकला होतात ना?"

मामा मटकन खुर्चीत बसले.

शनिवारी चष्मेवाल्याने विचारलं, "काय रे, सापडलं का एखादं यंत्र?"

"नाही."

"मामा, अरे काल तर—" भाचीने तोंड उघडलं.

"काल काही नाही." मामांनी डोळे वटारले आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

प्रोग्रामने विचारलं, 'नक्की बंद करायचं?' हा प्रश्न बावीस वर्षांपूर्वी मामांनीच लिहिला होता. कुणी चुकून बंद करू नये म्हणून आधीपासून 'नाही' निवडून ठेवलं होतं. मामांनी बाणाची कळ दाबली, 'हो'वर आले आणि थोडं थांबून एंटर दाबलं. पडदा काळा झाला. मामांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

चष्मेवाला पाणी आणायला आत पळाला. भाचीने शेजारच्या टेबलाशी बसून आपला लॅपटॉप उघडला.

"तुझा प्रोग्राम बंद करताना काही विचारतच नाही," मामा नाक पुसत म्हणाले.

"अरे, लागत नाही मामा. कधीही पुन्हा उघडता येतो."

"तरी विचारायला पाहिजे," मामा म्हणाले आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढली. "सरक तिकडे."